मैत्रिणीला सुवार्ता सांगायची की मैत्री सांभाळायची? एका पाळकाचं उत्तर

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, तेव्हा तो मला कसा कळला ते आधी सांगतो. तुम्ही जालन्याकडच्या ख्रिस्ती घरातल्या, पुण्यात स्टाफ नर्स आहात. खोलीवर सोबत राहणारी मैत्रीण वारकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी न चुकता धरणारी. उन्हाळ्यातल्या तरुणांच्या शिबिरात वक्त्यांनी बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकातलं पहारेकऱ्याचं वचन काढलं: तू बजावलं नाहीस तर त्याच्या रक्ताचा जाब मी तुझ्याकडे मागेन. तेव्हापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय. बोलावं तर मैत्री जाईल, न बोलावं तर तिचं रक्त माझ्या माथी. शिवाय तीन पोटप्रश्न आहेत. वॉर्डात पेशंटला येशूबद्दल सांगावं का, मैत्रिणीच्या घरून येणारा प्रसाद घ्यावा का, आणि आषाढीच्या पालखीत तिचे आईवडील तुमच्या खोलीवर मुक्कामाला येणार आहेत तेव्हा कसं वागावं.

मी प्रोटेस्टंट पाळक. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मंडळ्या सांभाळल्या, नंतर बरीच वर्षं पुण्यात हॉस्पिटलांमधून आजाऱ्यांना भेटण्याचं काम केलं. मी लिहितोय त्यातलं थोडंफार एखादी कॅथलिक सिस्टर किंवा पेंटेकोस्टल पास्टर वेगळं सांगेल. प्रसादाबद्दल तर नक्कीच. हे धरूनच वाचा.

आधी ते वचन. यहेज्केलाच्या तिसऱ्या अध्यायात देव संदेष्ट्याला पहारेकरी नेमतो, पण कोणावर? इस्राएलाच्या घराण्यावर. म्हणजे त्याच्या स्वतःच्या माणसांवर, ज्यांच्या हातात नियमशास्त्र होतं आणि तरी जी वाकड्या वाटेने चालली होती. ते वचन आज लावायचंच असेल तर ते माझ्यासारख्याला लागतं. मंडळीच्या जमिनीच्या व्यवहारात लबाडी चाललेली दिसली आणि पाळक गप्प बसला, तर जाब त्याने द्यायचा. शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या वारकरी मुलीच्या रक्ताचा हिशेब तुमच्या नावावर मांडायला त्या अध्यायात आधार नाही. शिबिरातल्या वक्त्यांना दुसऱ्या दिवशी परत जायचं असतं. त्या वचनाचं ओझं घेऊन खोलीवर तुम्हाला यावं लागतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पण म्हणून सुटका झाली असं मी म्हणणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली येशूची आज्ञा, सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही खरी आहे. पाळक असून ती गुंडाळून ठेवा असं सांगितलं तर मी माझ्या कामाशी बेइमानी करीन. आपल्याला जे मोलाचं वाटतं ते दुसऱ्याला सांगावंसं वाटणं यात काही आक्रमण नाही. मुसलमान भावाला दावत देणं, म्हणजे आपल्या धर्माकडे बोलावणं, हे कर्तव्य वाटतं, आणि त्याच्या कुराणात ते शहाणपणाने व चांगल्या शब्दांत करावं असं सोळाव्या सूरेत सांगितलंय, तर धर्मात जबरदस्ती नाही असं दुसऱ्या सूरेत. कीर्तनकारालाही श्रोत्यांनी नामाला लागावं, माळ घालावी असंच वाटत असतं. तुमची मैत्रीण या वातावरणात वाढलेली आहे. तुमच्या मनात काय चाललंय हे तिला कळणार नाही असं समजू नका. बहुधा तिला कधीच कळलेलं आहे.

तुम्ही प्रश्न ‘बोलू की गप्प राहू’ असा मांडलाय. इतक्या वर्षांच्या कामानंतर मला तो तसा दिसत नाही. मी स्वतःला एकच विचारतो: समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायला जागा आहे का? आणि तो ‘नाही’ म्हणाला तर त्याचं काही जाणार आहे का, म्हणजे औषध, नोकरी, शाळेतली जागा, डोक्यावरचं छप्पर, माझा लोभ? जागा असेल तर बोलण्यात अपमान नाही. जागा नसेल तर कितीही गोड शब्दांत बोललं तरी ती सक्तीच.

आपल्याच इतिहासात याचे दाखले पडले आहेत. तुम्ही जालन्याच्या, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जालन्याजवळचं बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री तुम्हाला माहीत असतील. त्यांनी 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनरींकडे बाप्तिस्मा घेतला. ते जाणते होते, त्यांचा निर्णय त्यांचा. पण धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागे मिशनरींकडे राहायला गेला, आणि तो अजाण वयाचा होता. बाप कोर्टात गेला. कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पुढे त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. मिशनरींच्या वह्यांत नारायण ‘मिळवलेला’ आणि श्रीपत ‘गमावलेला’ असेल. मला विचाराल तर कोर्टाचा निकाल बरोबर होता. त्या वयाच्या पोराला होय म्हणता येतं, नाही म्हणता येत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड आहे, आणि म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पैसा अमेरिकेतून, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून. अट अशी की संस्थेत धर्म शिकवायचा नाही. सोवळंओवळं पाळणाऱ्या विधवा मुलींना ते पाळायची मोकळीक होती. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, हे कोणापासून लपलेलं नव्हतं. त्या आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली भडका उडाला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी अंग काढून घेतलं, पालकांनी बऱ्याच मुली घरी नेल्या.

यात चूक कोणाची? मंडळीतल्या अभ्यासवर्गात मी हा प्रश्न टाकला की निम्मे लोक रमाबाईंच्या बाजूने भांडतात. माझंही मन त्यांच्याकडे झुकतं. ज्या बाईने विधवांना अक्षरओळख दिली तिने आपल्याच खोलीत देवाचं नाव चोरून का घ्यावं? दार लावून प्रार्थना करणं हे त्यांना खोटेपणाचं वाटलं आणि ते मला समजतं. पण पालकांची भीतीही खोटी नव्हती. त्या मुलींना जगात दुसरा आसरा नव्हता. ज्या बाईच्या हातात तुमचं जेवण, शिक्षण आणि पुढचं सगळं आयुष्य आहे, तिची आवडती गोष्ट तुम्हालाही आवडू लागते. त्यासाठी तिने एक शब्द बोलायची गरज नसते. उघडं दार रमाबाईंना मोकळेपणाचं वाटत होतं. निराधार मुलीला तेच दार बोलावणं वाटू शकतं. तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या होत्या असं मी म्हणतो. हे गुळमुळीत उत्तर झालं अशी टीका मी ऐकली आहे. असू दे.

टिळकांचं उदाहरण मला जास्त शिकवतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्या बातमीने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं काय झालं ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, मी सांगायची गरज नाही. बायकोचा संसार असा एका दिवसात मोडणं हे मला आजही सहज गिळवत नाही. पण त्यानंतर टिळक जे वागले ते बघा. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपलं सोवळं घेऊन आल्या. वेगळं बिऱ्हाड, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक. टिळकांनी ते होऊ दिलं. मिशनच्या आवारात, जिथे सगळे त्यांच्या बायकोकडे डोळे लावून बसले असणार, तिथे त्यांनी तिला तिचं सोवळं पाळू दिलं. मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद गळून पडला, तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा. नवऱ्याने घाई केली असती तर कदाचित बाई मिळाली असती, पण ती लक्ष्मीबाई झाली नसती.

आता माझ्या घराची गोष्ट, कारण हा आरोप तुम्हीही ऐकला असेल. माझे पूर्वज नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यातले. दुष्काळाच्या वर्षांनी तो मुलूख होरपळला, त्या काळात मिशनने धान्य दिलं, कामं काढली, आणि त्याच काळात बाप्तिस्मेही झाले. “तुम्ही भाकरीसाठी बाटलात” हे वाक्य मी शाळेत ऐकलंय. त्याला माझी दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना काटतात. पहिलं असं की भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच हातातून आले की नाही म्हणायची जागा अरुंद होते. हे मिशनच्या बाजूने नाकारण्यात अर्थ नाही. दुसरं असं की माझ्या पणजोबांना भाकरीपलीकडे काही कळत नव्हतं असं धरून चालणं हाही अपमानच. त्यांना पोरगं शाळेत बाकावर बसलेलं हवं होतं, वेशीतून मान वर करून जायचं होतं. दुष्काळ सरला, धान्य बंद झालं, तरी आमचं घर मंडळीतच राहिलं. उपाशी माणसालाही मन असतं हे आरोप करणारे विसरतात, आणि त्याला भूकही असते हे आम्ही विसरतो.

याच्या उलटचं टोक म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल. त्यांची गोष्ट मला भारी आवडते. गेल्याच्या आधीच्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरींनी त्यांच्यासाठी शाळा चालवल्या. डॉक्टर जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मिशनरींची आशा अशी की हे लोक हिब्रू शिकतील, शास्त्र वाचतील आणि ख्रिस्ताकडे येतील. बेने इस्राएल मन लावून हिब्रू शिकले, शास्त्रही वाचलं, आणि अधिक पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती होणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मिशनच्या हिशेबाने हे अपयश. मी मात्र तरुण सुवार्तिकांना सांगतो की आपल्या कामातलं हे सगळ्यात स्वच्छ काम आहे. ज्याला जे हवं ते त्याने घेतलं, नको ते नाकारलं, आणि शिकवणाऱ्यांनी व्याकरण परत मागितलं नाही.

आणि बाबासाहेब. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर ख्रिस्ती, मुसलमान, शीख, बौद्ध, सगळ्यांचे निरोप आणि माणसं त्यांच्याकडे येऊन गेली. त्यांनी सगळ्यांचं ऐकलं, वाचलं, तपासलं, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपला निर्णय केला. मधे एकवीस वर्षं. आमच्यातल्या काही जुन्या लोकांना ‘ते आपल्याकडे आले असते तर’ अशी हळहळ वाटते. मला वाटतं, धर्म बदलणं हा बदलणाऱ्याचा निर्णय असतो, सांगणाऱ्याची कमाई नव्हे, हे त्यांच्याइतकं ठसठशीत कोणी दाखवलं नाही.

आता तुमच्या खोलीवर येऊ. नाही म्हणायला जागा ठेवा म्हणजे मत लपवा, असा अर्थ काढू नका. ‘सगळे धर्म सारखेच गं’ असं तिला म्हणू नका, कारण तुम्हाला तसं वाटत नाही आणि तिलाही वाटत नसणार. ते म्हणणं वरवर नम्र दिसतं, पण तुम्ही तिच्या विठोबाला किंवा आपल्या ख्रिस्ताला नीट पाहिलेलं नाही एवढंच त्यातून कळतं. मतभेद उघड ठेवूनही माणसं मानाने बोलू शकतात. 1857 च्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि जॉर्ज बोवेन वगैरे मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं, दोघांनाही बोलायची सारखी मुभा होती, आणि दोन्ही बाजूंनी आपापले वृत्तान्त छापले. वाचून पाहिले तर त्यात चिमटे आहेत, पण कोणाला कोणाचं मिंधं असल्याचा भाव नाही. फक्त एवढंच, की गर्दीसमोरच्या वादात कोणी मन उघडं करत नाही. तिथे हरू नये एवढंच सुचतं. खोलीवर तुम्ही दोघीच आहात, तिथे जिंकायचं काही नाही.

प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हाचं प्रेषितांच्या कृत्यांतलं सतरावं प्रकरण पुन्हा वाचा. मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा जीव तळमळला, असं तिथे लिहिलंय. तरी अरीयपग नावाच्या टेकडीवर उभा राहिल्यावर तो म्हणतो, तुम्ही मोठे देवभिरू लोक आहात. आणि दाखला देतो तो त्यांच्याच कवीचा. टिळकांना तुकोबांवाचून करमत नसे. तेव्हा बोलायचं तर आधी तिचं ऐका. माळ कधी घातली, का घातली, एकादशीला उपाशीपोटी दुहेरी ड्युटी कशी निभावते, अभंगातली कोणती ओळ तिला धरून ठेवते. हे विचारताना पुढच्या वाक्याची तयारी करू नका. मग तिने विचारलं की तुमचं सांगा, जेवढं तुमच्या अनुभवाचं आहे तेवढंच. पेत्राने म्हटलंय की आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. ‘कोणी विचारलं तर’ हे आपण फार लवकर विसरतो.

यात एक धोका आहे, तोही सांगून टाकतो. ऐकताना तिचं मन हलू शकतं असं तुम्ही मानता, तर तुमचंही हलू शकतं. ती शक्यता मान्य नसेल तर ते बोलणं एकतर्फी आहे. माझा विश्वास वारकऱ्यांशी बोलून कमी झाला नाही. पण माझ्या प्रार्थनेतली बडबड कमी झाली, एवढं खरं.

आणि एक गोष्ट लगेच थांबवा, जर करत असाल तर. मंडळीच्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्रार्थनाविषय’ म्हणून मैत्रिणीचं नाव, फोटो, तिच्या घरची माहिती टाकणं. हे सर्रास चालतं आणि सगळ्यांना ते प्रेमाचं वाटतं. तिच्या हातात तो मेसेज पडला तर तिला काय वाटेल? आपण मैत्रीण होतो की मोहीम? प्रार्थना करायची तर एकट्याने करा, देवाला फोटो लागत नाही. तसंच, अमक्याने या वर्षी किती जणांना ‘आणलं’ अशा अहवालाच्या भाषेत कोणी तुमच्याशी बोलू लागलं तर खुशाल उठून या.

तुम्हाला हे सगळं नेमस्त, पातळ केलेलं वाटत असेल तर एक सांगतो. 2011 साली व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून साक्ष देण्याच्या आचरणाबद्दल एक छोटा दस्तऐवज काढला. एरवी ही मंडळी एका कागदावर सही करतील अशी नाहीत. त्यात साक्ष देणं हा ख्रिस्ती माणसाचा बहुमान आणि आनंद म्हटलाय, आणि त्याच दमात आमिष, फसवणूक, गरिबीचा फायदा घेणं, दुसऱ्या धर्माबद्दल खोटं बोलणं हे सगळं शुभवर्तमानाचा विश्वासघात ठरवलंय. मन पालटणं हे शेवटी पवित्र आत्म्याचं काम, असंही त्यात आहे. तेव्हा तुमच्यावरचं निकालाचं ओझं उतरवायला मी एकटाच सांगत नाही.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेच्या 25 व्या कलमात धर्म मानण्या-आचरण्याबरोबर प्रसाराचाही हक्क आहे, सगळ्यांना. 1977 साली स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतील, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात नाही. त्यापुढे राज्याराज्यांत वेगवेगळे कायदे आहेत आणि ते बदलत असतात. मैत्रिणीशी गप्पा मारायला वकील लागत नाही, पण कोणी बाप्तिस्म्याचं विचारलं तर तुम्ही काही ठरवू नका, पाळकांकडे पाठवा. माझ्याकडे असं कोणी आलं तर मी आधी वय विचारतो, मग घरी सांगितलंय का ते विचारतो. सांगितलं नसेल तर आधी घरी बोलून या म्हणतो, आणि नंतरही घाई करत नाही. यात काही जण परत आले नाहीत. ते त्यांचं उत्तर.

वॉर्डाबद्दल माझं मत कडक आहे. युनिफॉर्ममध्ये असताना धर्म काढू नका. सलाइन तुमच्या हातात, बेडपॅन तुमच्या हातात, रात्री बेल वाजवली तर येणार तुम्ही. असा पेशंट तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. तो मान डोलावेल आणि तुम्हाला वाटेल, ऐकतोय. गळ्यातला क्रॉस पाहून त्याने विचारलं तर हो, मी ख्रिस्ती, एवढं सांगा आणि नाडी बघा. त्याला आणखी बोलायचं असेल तर हॉस्पिटलचा पाळक असतो, तो वर्दीत नसतो आणि त्याच्या हातात इंजेक्शनही नसतं. मी स्वतः कॉटजवळ गेलो की आधी विचारायचो, बसू का? मग, प्रार्थना केलेली चालेल का? नको म्हटलं तर क्रिकेटवर बोलायचो. एका आजींना हरिपाठ ऐकायचा होता. तो म्हणायला मी योग्य माणूस नव्हतो, म्हणून त्यांच्या नातवाला फोन लावला आणि फोन उशाशी ठेवून बाहेर जाऊन बसलो. कोणी मला म्हटलं, ती संधी होती. आजींना श्वास लागला होता, कसली संधी?

प्रसादाचं उत्तर एक नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, नेमका हाच घोळ आहे. पानात जे वाढतील ते चौकशा न करता खा, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, आणि तेही त्याच्या विवेकबुद्धीसाठी. माझ्या मंडळीत पंढरपूरचे चुरमुरे-बत्तासे बिनदिक्कत खाणारे होते आणि हात न लावणारेही. मी घेत नाही. पण पहिल्याच भेटीत सांगून टाकतो: जेवायला हक्काने बसेन, नैवेद्याचं तेवढं वेगळं ठेवा. आजवर कोणाला राग आलेला नाही. राग येतो तो घेऊन मागच्या दाराने टाकून देण्याचा. तुमची विवेकबुद्धी काय सांगते ते तुम्ही ठरवा, आणि जे ठरेल ते तिला तोंडावर सांगा. तिच्याही बाजूने विचार करा. माळकरी माणूस अंडं खात नाही. नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळे द्या, केक द्यायचा तर बिनअंड्याचा करा.

शेवटी पालखी. तुमच्या आतापर्यंतच्या सगळ्या काळज्यांत मला ही सगळ्यात सोपी वाटते. आईवडील आळंदीहून चालत येणार, पाय सुजलेले असणार. तुम्ही नर्स आहात, गरम पाण्याची बादली आणि मलमपट्टी तयार ठेवा. ज्या पातेल्यात मटण-अंडी शिजतात ते आदल्या दिवशी वर माळ्यावर टाका आणि स्वयंपाक कोण करणार हे मैत्रिणीला आधी विचारा. तिच्या आईला तुमच्या हातचं चालेल की नाही याचा अंदाज तिला असेल, आणि चालत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या पाया पडायला हरकत नाही, थोरांचा मान आपल्याकडेही आहे. सकाळी ते हरिपाठाला बसले तर तुम्ही चहाचं बघा. टाळ्या वाजवायच्याच असं कोणी म्हणणार नाही. भिंतीवरचं तुमचं वचन-कॅलेंडर काढून ठेवू नका, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम नवं काही लावूही नका. मैत्रिणीच्या वडिलांनी विचारलं, “पोरी, तुमच्यात काय करतात?” तर सांगा. एक प्रश्न, एक उत्तर. मग त्यांना विचारा वाटेत कुठे कुठे मुक्काम आहे. आणि हॉस्पिटलतर्फे वारकऱ्यांसाठी तपासणी शिबिर असेल तर नाव द्या, फक्त पिशवीत पत्रकं नेऊ नका.

मैत्रिणीने तुमच्याकडून काही ऐकायचं नाही असं स्पष्ट सांगितलं, तर पुन्हा लिहा. पण त्याआधी हे एकदा तिलाच विचारून बघा: “तुला माझ्या बोलण्याचा कधी त्रास होतो का गं?”